सातवीपर्यंतची शाळा

गेल्या जून महिन्यातली गोष्ट. एपीएमसी मार्केटात हमाली करणारे एक परिचित घरी आले. मूळचे मराठवाड्याचे. वीस-बावीस वर्षांपासून नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका वस्तीत राहतात. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली गुणपत्रिका होती. मुलगी महापालिकेच्या उर्दू शाळेतून आठवी झाली होती. शेरा चांगला होता. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, “भाईजान, शाळा तर संपली. आता पोरीला कुठं टाकू?”

प्रश्न साधा होता, पण मी थांबलो. चौदा वर्षांच्या मुलीची शाळा ‘संपते’ म्हणजे काय? ती नापास झाली नव्हती. तिला शाळा सोडायची नव्हती. बापालाही तिला घरी बसवायचं नव्हतं. फक्त शाळेच्या इमारतीत पुढचा वर्ग नव्हता. नववीचा उर्दू वर्ग चालत जाण्याच्या अंतरावर नव्हता. जवळ होता तो मराठीचा, आणि मध्ये सहापदरी रस्ता.

आपल्याकडे मुस्लिम मुलांच्या शिक्षणाची चर्चा निघाली की दोनच टोकं बोलली जातात. एक, मुलं शाळेत येतच नाहीत. दोन, पदवीपर्यंत पोहोचत नाहीत. मधलं कुणी बोलत नाही. पाचवी ते आठवी हा तो मधला पट्टा आहे. गरिबाच्या मुलाची गळती इथं होते. मग तो मुस्लिम असो, वडार असो, मातंग असो की उत्तर प्रदेशातून आलेला कुणी. हा पट्टा इतका कच्चा का राहिला, याला इतिहास आहे. तो आजचा नाही, दीडशे वर्षांचा आहे. आणि गंमत म्हणजे, त्याची सुरुवात एका अर्धवट शाळा सोडलेल्या मुलापासूनच करता येते.

मध्येच सुटलेली एक शाळा

पुण्यातल्या गोविंदराव फुल्यांचा मुलगा प्राथमिक शाळेत जात होता. लिहिणं, वाचणं, हिशेब आला. मग वडिलांनी त्याला शाळेतून काढलं आणि मळ्यात कामाला लावलं. माळ्याच्या पोराला यापेक्षा जास्त शिकून काय करायचंय, हा त्या काळाचा सर्वसाधारण हिशेब होता. त्या मुलाचं शिक्षण तिथंच थांबलं असतं, तर पुढचा महाराष्ट्र वेगळा झाला असता.

ते थांबलं नाही, कारण शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली. एक फारसी-उर्दूचे जाणकार मुसलमान, दुसरे ख्रिस्ती. १८४१ मध्ये जोतिराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले आणि १८४७ पर्यंत तिथं शिकले. म्हणजे ज्याला आपण महात्मा म्हणतो, तो माणूस आजच्या सरकारी भाषेत ‘शाळाबाह्य बालक’ होता. त्याला शाळेत परत आणणारे हात शेजाऱ्यांचे होते.

पुढं १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. जोतिराव-सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं, तेव्हा उस्मान शेख यांच्या घरात आसरा मिळाला. फातिमा शेख यांचं नाव याच संदर्भात येतं. अलीकडे त्यांच्याविषयी समाजमाध्यमांवर बरंच काही लिहिलं जातं. काही जण जन्मतारखेपासून भाषणांपर्यंत सगळं सांगतात, तर काही जण अशी बाई झालीच नाही म्हणतात. इतिहासाच्या वाचकानं दोन्हींपासून सावध राहावं. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आजारपणामुळं आपण माहेरी असताना फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्याचा आशय आहे. दस्तऐवज एवढाच आहे. पण एवढ्यातूनही कळतं की सोबत काम करणारी एक बाई होती आणि कामाचा भार तिच्यावर होता. मला तेवढं पुरेसं वाटतं.

१८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढं जोतिरावांनी निवेदन दिलं. त्यातला मुद्दा आजही ताजा आहे. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून, आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. वरून शिक्षण झिरपत खाली येईल, हा समज खोटा ठरला आहे. म्हणून प्राथमिक शिक्षण एका ठरावीक वयापर्यंत, निदान बाराव्या वर्षापर्यंत, सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती.

बारा वर्षं म्हणजे साधारण सहावी-सातवी. ज्याची स्वतःची शाळा मध्येच सुटली होती, त्यानं मागितलेली ही रेघ आहे. त्या काळी ती फार पुढची होती. त्याच सुमारास मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापलेली अंजुमन-ए-इस्लाम आपली शाळा उभी करत होती. संस्था १८७४ ची, शाळा १८८० ची. हंटर आयोगानं मुस्लिमांच्या शिक्षणाला खास उत्तेजन द्यावं असंही सुचवलं. पण सक्तीच्या शिक्षणाबद्दल सरकारनं काहीच केलं नाही.

संस्थानं पुढं, सरकार मागं

सक्तीचं शिक्षण आधी आलं ते संस्थानांत. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात त्याचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया ही मोठी रक्कम होती. याच महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभारलं आणि त्या शिक्षणसंस्थेचं अध्यक्षपद स्वतःकडं घेतलं. बोर्डिंग आणि सक्ती या दोन गोष्टी एकत्र वाचायला हव्यात. सक्ती मुलाला पहिलीत आणते. बोर्डिंग त्याला सातवीनंतर टिकवतं. शाहूंना हे कळलेलं होतं.

ब्रिटिश हद्दीत मात्र गोपाळ कृष्ण गोखल्यांचं १९११ चं विधेयक मार्च १९१२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात पडलं. विधेयक अगदी मवाळ होतं. सहा ते दहा वयाच्या मुलांपुरतं, तेही नगरपालिका किंवा जिल्हा बोर्डांची इच्छा असेल तिथंच. बॅरिस्टर जिना आणि मझहरुल हक या मुस्लिम सदस्यांनी त्याला पाठिंबा दिला होता, हे आपल्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. तरी ५१ पैकी १३ मतंच बाजूनं पडली. जमीनदारांना आणि सरकारला दोघांनाही गरिबाचं मूल शाळेत नको होतं. एकाला मजूर हवा होता आणि दुसऱ्याला खर्च नको होता.

गोखल्यांचं अपुरं काम विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई प्रांतात पुढं नेलं. १९१८ च्या त्यांच्या कायद्यानं नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची मुभा मिळाली. मुंबई शहरासाठी १९२० मध्ये वेगळा कायदा झाला आणि १९२५ मध्ये एफ आणि जी वॉर्डांत, म्हणजे परळ-दादर-वरळीच्या गिरणगावात, सक्तीचं शिक्षण सुरू झालं. महापालिकेची शाळा ही कामगाराच्या मुलाची शाळा झाली ती तिथून. गिरणी, चाळ आणि म्युनिसिपालटीची शाळा. कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून आलेल्या माणसांची पहिली शिकलेली पिढी याच बाकांवर बसली.

आता इयत्तेकडं येऊ. त्या काळी मराठी शाळेची शेवटची पायरी होती ‘व्हर्नाक्युलर फायनल’. आपल्या आजोबांच्या पिढीत ‘फायनल पास’ म्हणून सांगायचे ती हीच. सातवीनंतरची ही परीक्षा पास झालेला माणूस प्राथमिक शिक्षक किंवा तलाठी होऊ शकत असे. त्यामुळं सातवी हा खरोखरच एक शेवट होता, आणि त्या शेवटाला नोकरी लागून होती. पुढचं शिक्षण म्हणजे इंग्रजी हायस्कूल. ते तालुक्याच्या गावी, फी भरून.

फायनलची नोकरी गेली. मॅट्रिकशिवाय, मग पदविकेशिवाय शिक्षक होता येईना. परीक्षेचं महत्त्व संपलं. पण सातवीला शाळा संपवायची सवय तशीच राहिली. १९७२ नंतर महाराष्ट्रात दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला आणि त्याच्या दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. तरीही पहिली ते सातवी ‘प्राथमिक’ आणि आठवी ते दहावी ‘माध्यमिक’ ही फाळणी कायम होती. प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची, माध्यमिक शाळा बहुतेक खासगी संस्थेची. दोन शाळा, दोन व्यवस्थापनं, आणि मध्ये एक दाखला. तो दाखला काढून दुसऱ्या शाळेत नेऊन देणं ज्या घरात जमलं, तिथलं मूल पुढं गेलं. ज्या घरात सकाळी आई-बाप दोघं कामाला जात, तिथं तो दाखला पत्र्याच्या पेटीत राहिला.

चौदा वर्षं म्हणजे आठवी

राज्यघटनेच्या कलम ४५ मध्ये वचन होतं. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण, दहा वर्षांच्या आत. सहाव्या वर्षी पहिलीत गेलेलं मूल चौदाव्या वर्षी आठवी पूर्ण करतं. म्हणजे घटनाकारांची रेघ सातवी नव्हती, आठवी होती, आणि मुदत होती १९६०. पण कलम ४५ मार्गदर्शक तत्त्वांत होतं. त्यासाठी कुणाला कोर्टात खेचता येत नव्हतं. २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती होऊन कलम २१-क आलं. २००९ मध्ये शिक्षण हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानं पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक असं सांगितलं. महाराष्ट्रात सातवीच्या शाळांना आठवीचा वर्ग जोडण्याचा सरकारी निर्णय आला तो २०१३ मध्ये. १९६० चं वचन आणि २०१३ चा वर्ग. मध्ये दोन पिढ्या गेल्या.

मधल्या इयत्तांना सगळंच उशिरा मिळालं. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारी प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण देण्याचा आदेश दिला. तो खालच्या वर्गांपुरता होता. सहावी ते आठवीच्या मुलांना देशभर हे जेवण मिळू लागलं २००८ मध्ये. जणू पाचवीनंतर मुलांना भूक लागत नाही. टाळेबंदीनंतर ४ ऑक्टोबर २०२१ ला राज्यातल्या शाळा उघडल्या, तेव्हा शहरांत आठवीपासून पुढचे वर्ग उघडले. शहरातल्या सहावी-सातवीला डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं. ज्या घरात एक मोबाइल आणि तीन मुलं, तिथं या दीड-पावणेदोन वर्षांत काय झालं हे सांगायला नको. बारा-तेरा वर्षांचा मुलगा गॅरेजमध्ये, चिकनच्या दुकानात, जरीच्या कारखान्यात बसला. सगळे परत आले नाहीत.

२०१६ च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांतून बंदी केली, पण कुटुंबाच्या धंद्यात शाळेनंतर हातभार लावायला सूट ठेवली. कायदा करणाऱ्यांचा हेतू काहीही असो, वस्तीत ‘घरचं काम’ आणि ‘मालकाचं काम’ यातला फरक तपासायला कोण येतं? शिलाईचं पीसवर्क घरी येतं, आणि मुलगी शाळेतून हळूहळू कमी होते. हजेरीपटावर नाव असतं. बाकावर मूल नसतं.

नवी मुंबई : आखलेलं शहर आणि न आखलेली वस्ती

हा सगळा इतिहास नवी मुंबईत एका ठिकाणी दिसतो, कारण हे शहर आपल्या डोळ्यांदेखत घडलं.

साठच्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी निश्चित झाल्या. आगरी-कोळी समाजाची भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी गेली. भरपाईसाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्या रक्तातून साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. या गावांत जिल्हा परिषदेच्या चौथी-सातवीच्या कौलारू शाळा होत्या. गावातली मुलं तिथं शिकत आणि मग कारखान्याच्या गेटवर उभी राहत.

सिडकोनं सेक्टर आखले. प्रत्येक सेक्टरला बाग, बाजार, शाळेचा भूखंड. शाळांचे भूखंड खासगी संस्थांना सवलतीत मिळाले. कागदावर कुठल्याच मुलाला शाळा लांब नव्हती. पण आराखड्यात शहर बांधणाऱ्या माणसाचं घर नव्हतं. दगडखाणीत फोडणारे वडार आणि दुष्काळातून आलेले मराठवाड्याचे मजूर, एमआयडीसीतले कंत्राटी कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, भंगारवाले. शिवाय मशीदबंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केटचे घाऊक बाजार ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत वाशीला हलले. त्यांच्यामागून माथाडी आणि हमाल आले. माथाड्यांसाठी १९६९ चा कायदा होता, अण्णासाहेब पाटलांनी बांधलेली युनियन होती. त्याखालच्या रोजंदारीवाल्याला काहीच नव्हतं. या सगळ्यांनी दिघा, रबाळे, तुर्भे, नेरुळच्या डोंगराकडेला, एमआयडीसीच्या मोकळ्या जागेत झोपड्या बांधल्या. सेक्टर रुळांच्या पश्चिमेला, वस्ती पूर्वेला. मध्ये ठाणे-बेलापूर रस्ता.

त्यात मुसलमानही सगळ्या तऱ्हेचे आहेत. पनवेल-तळोज्याचे कोकणी मुस्लिम पिढ्यान्‌पिढ्या इथले, मराठी-कोकणी बोलणारे. मराठवाड्याचे दखनी बोलणारे. उत्तर प्रदेश-बिहारचे कारागीर. ‘मुस्लिम मूल’ म्हणून सरकारी रकान्यात एकच खूण होते, पण घरात तीन वेगवेगळ्या भाषा असतात.

१ जानेवारी १९९२ ला नवी मुंबई महापालिका स्थापन झाली. गावांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळा तिच्याकडे वर्ग झाल्या. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सात लाखांवर होती, २०११ मध्ये अकरा लाखांवर गेली. सेक्टरातलं मूल खासगी इंग्रजी शाळेत गेलं. महापालिकेच्या शाळेत आलं ते वस्तीतलं मूल. त्यामुळं जुन्या मुंबईत पालिकेच्या मराठी शाळा ओस पडत असल्याच्या बातम्या येत होत्या, तेव्हा नवी मुंबईतल्या काही पालिका शाळांत दोन पाळ्या चालवूनही वर्ग पुरत नव्हते. हे पालिकेच्या श्रेयाचं म्हणा की वस्तीच्या गरजेचं, दोन्ही खरं आहे.

श्रेय द्यायला हवं तिथं ते द्यायलाच हवं. या महापालिकेनं मराठीबरोबर हिंदी, उर्दू माध्यमाचे वर्ग चालवले. दिव्यांग मुलांसाठी वाशीत ईटीसी केंद्र उभं केलं, जे पाहायला बाहेरून लोक येतात. अलीकडं सीवूड्स आणि कोपरखैरणे इथं सीबीएसईच्या शाळा सुरू केल्या आणि तिथं प्रवेशासाठी रांगा लागल्या. मुख्य म्हणजे माध्यमिक शाळा काढल्या. रबाळ्याच्या आंबेडकर नगरासारख्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत पालिकेचं राजर्षी शाहू महाराज विद्यालय आहे. आंबेडकरांच्या नावाच्या वस्तीत शाहूंच्या नावाची शाळा असणं, आणि वस्तीतल्या मुलाला दहावीसाठी वस्ती सोडावी न लागणं, हे दोन्ही मला मोलाचं वाटतं.

अनिवार्य आणि ऐच्छिक

मग अडचण कुठं आहे? अडचण कायद्याच्या दोन कलमांत आहे. नवी मुंबईसारख्या शहरांना लागू असलेला महापालिका अधिनियम १९४९ चा आहे. त्याच्या कलम ६३ मध्ये पालिकेची अनिवार्य कर्तव्यं दिली आहेत. पाणी, गटार, दिवाबत्ती यांच्या जोडीनं प्राथमिक शाळा. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं आहेत, म्हणजे केली तर केली. प्राथमिकच्या पुढचं शिक्षण या यादीत येतं.

म्हणजे आठवीपर्यंत शिकवणं हे पालिकेचं कर्तव्य, नववी ही तिची मर्जी. चांगली पालिका मर्जीनं माध्यमिक शाळा काढते. पण मर्जीच्या कामाला पैसा, पदं, इमारत सगळं नंतर येतं. कायमचे शिक्षक मिळत नाहीत, तासिका तत्त्वावरचे येतात आणि वर्षअखेरीला जातात. मर्जी मराठी माध्यमाच्या वाट्याला आली तर उर्दूच्या वाट्याला येतेच असं नाही. पहिलीला चार माध्यमं असतात आणि नववीला एक-दोन उरतात. सातवी-आठवीची ती जुनी रेघ इमारतीत नाही, अर्थसंकल्पात आहे.

शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना वेगळे शिक्षक सांगितले आहेत. पस्तीस मुलांमागं एक शिक्षक सांगितला आहे. महाराष्ट्राच्या नियमांत उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. नकाशावर तीन किलोमीटर फार नाहीत. पण त्या तीन किलोमीटरमध्ये ट्रेलरचा रस्ता आणि रेल्वेचे रूळ असतील, तर तेरा वर्षांच्या मुलीचा बाप ते अंतर वेगळं मोजतो. तो बुरसटलेला म्हणून नाही, तर त्याची पाळी पहाटे चारला सुरू होते आणि तिला सोडायला कुणी नसतं म्हणून.

नोव्हेंबर २००६ मध्ये सच्चर समितीनं सांगितलं होतं की सहा ते चौदा वयाची पंचवीस टक्के मुस्लिम मुलं एकतर कधीच शाळेत गेली नाहीत किंवा त्यांनी मध्येच शाळा सोडली. त्याच अहवालात हेही होतं की शाळेच्या वयाच्या मुलांपैकी जेमतेम तीन-चार टक्के मदरशात जातात. दुसरा आकडा पहिल्याचं उत्तर आहे. मुलं मदरशात गेली म्हणून शाळेतून गेली, हे खरं नाही. ती कामावर गेली, नाहीतर घरी बसली. राज्यात डॉ. महमूदुर्रहमान समितीनं २०१३ मध्ये असाच चिंतेचा सूर लावला. अहवाल आले, शेल्फवर गेले. चर्चा पुन्हा मदरशावर आली.

आपल्या समाजालाही एक गोष्ट विचारायला हवी. मशिदीसाठी, जलशासाठी वर्गणी गोळा होते, ती व्हावी. पण आठवी झालेल्या वस्तीतल्या मुला-मुलींची यादी किती जमातींकडं आहे? जूनमध्ये कोण नववीत गेलं आणि कोण गेलं नाही, हे बघायला पैसाही लागत नाही. गफार बेग मुन्शींनी शाळा काढली नव्हती. देणगी दिली नव्हती. ते एका शेजाऱ्याच्या घरी जाऊन बसले आणि बोलले. आणि ते घर मुसलमानाचं नव्हतं.

उर्दू की मराठी हा वाद मी इथं घालणार नाही. घरच्या भाषेत पहिली पायरी चढणं मुलाच्या हिताचं आहे, यावर माझा विश्वास आहे. पण ज्या माध्यमात आठवीपर्यंत शाळा आहे आणि पुढं नाही, तिथं पाचवीपासूनच मराठी चांगली शिकवणं ही त्या शाळेची जबाबदारी आहे. महाराष्ट्रात जगणाऱ्या मुलाला मराठी नीट न येणं हा त्याच्यावरचा अन्याय आहे, उर्दूवरचा उपकार नव्हे. आणि पालिकेनं उर्दूचा पहिलीचा वर्ग उघडताना त्या मुलाचा दहावीचा वर्ग कुठं असेल, हे त्याच दिवशी ठरवायला हवं. सेक्टर आखताना बागेची जागा ठरते, तशी.

त्या मुलीचं काय झालं ते सांगून थांबतो. दोन ठिकाणी फिरल्यावर तिसऱ्या शाळेत, मराठी माध्यमात, नववीला प्रवेश मिळाला. जन्मतारखेच्या एका अक्षरावरून दाखला परत आला, पुन्हा दुरुस्त करून नेला. बापाच्या तीन दिवसांच्या हजेऱ्या बुडाल्या. पहिल्या चाचणीत ती मराठीत आणि इतिहासात मागं पडली, गणितात वर्गात दुसरी आली. गणिताला भाषा कमी लागते. रस्ता ओलांडायला तिच्यासोबत आता वस्तीतल्याच दोन मुली असतात. एक वडारांची, एक उत्तर भारतीय घरातली. तिघी पुलावरून जातात, कारण तिघींच्या आयांनी तशी शपथ घातली आहे.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली होती. इतिहासाचं पुस्तक घेऊन बसली आणि विचारलं, “चाचा, फुल्यांना शाळेत परत कुणी पाठवलं ते यात नाही. सर म्हणाले, तुमच्या घरी माहीत असेल.” मी तिला गफार बेगांचं नाव वहीत लिहून दिलं. मराठीत.